तुम्ही विचारलंत म्हणून: भेटायला येताना काय आणू?

महिन्यातून एकदा तरी कुणाचा ना कुणाचा फोन येतोच. "काकू, आमच्या ओळखीत एकांना कॅन्सर निघालाय. भेटायला जायचंय. काय नेऊ?" मला विचारतात, कारण ह्यांच्या आजारपणात मी अकरा महिने घरी सगळं केलं आणि सुदामानगरात ते सगळ्यांना ठाऊक आहे.

फळं नका नेऊ. ह्यांना गालाच्या आतल्या बाजूचा कॅन्सर होता. ऑपरेशन झाल्यावर रेडिएशनचे ३३ शेक दिले, आठवड्याचे पाच दिवस, म्हणजे जवळजवळ सात आठवडे. तिसऱ्या आठवड्यात तोंड आतून सोलवटलं आणि नाकातून नळी घालावी लागली. त्या दिवशी आमच्या टेबलावर केळ्यांच्या चार फण्या होत्या आणि दोन थैल्या मोसंबी. येणाऱ्यांचा जीव होता म्हणूनच ते आणत होते, पण ती केळी काळी पडायच्या आत वाटून यायचं कामही माझ्याकडेच आलं.

आणि एक प्रश्न घरीच ठेवून जा: "तंबाखू खायचे का हो?" ते पलंगावर बसलेले असायचे. बोलता येत नव्हतं, ऐकू सगळं येत होतं.

मग न्यायचं काय? तीन तास न्या, स्वतःचे. असं का म्हणते ते सांगते.

नळीतून दर अडीच तासांनी २०० मिली द्यायचं. मुगाचं कढण शिजवायचं, मिक्सरमधून काढायचं, मलमलच्या फडक्यातून गाळायचं. एक कण राहिला तरी नळी तुंबते. त्यांना उशांना टेकवून नीट बसवायचं. सिरिंज उंच धरायची, दाबायची नाही, आपोआप उतरू द्यायचं. मग साधं पाणी सोडून नळी धुवायची. पुढे अर्धा तास आडवं होऊ द्यायचं नाही. एवढं आवरून भांडी घासेपर्यंत पुढच्या कढणाची वेळ जवळ आलेली असते, आणि मधल्या वेळात औषधं, ड्रेसिंग, धुणं, दारावरची बेल. हॉस्पिटलात पुकारा व्हायचा, "अटेंडर कौन है?" की मी उठायची. त्या अकरा महिन्यांत माझं नाव घेऊन हाक मारणारं फारसं कुणी उरलं नव्हतं.

रात्र वेगळीच. दुखण्यावर मॉर्फिनची साधी गोळी होती, दर चार तासांनी, दुखो न दुखो, घड्याळाप्रमाणे. म्हणजे रात्री दहाला, दोनला, सहाला. दोनचा गजर चुकेल या धास्तीनं मला एक वाजताच जाग यायची. एकदा पॅलिएटिव्हच्या, म्हणजे दुखणं-त्रास कमी करायच्या उपचारांच्या, डॉक्टरीणबाईंनी ह्यांना तपासलं, मग खुर्ची माझ्याकडे वळवली आणि विचारलं, "तुम्ही किती तास झोपता?" मला रडूच फुटलं. तोपर्यंत हे कुणी विचारलंच नव्हतं. त्यांनी रात्री झोपतानाचा डोस दुप्पट लिहून दिला, त्यामुळे मधला दोनचा टळला. ही नेहमीची रीत आहे, पण ती डॉक्टरनंच ठरवायची. आपल्या मनानं गोळी कधीही वाढवू नका. त्या रात्री आम्ही दोघंही सहापर्यंत झोपलो.

त्यांनीच सांगितलं की जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ सालच्या व्याख्येत पॅलिएटिव्ह केअर पेशंटइतकीच घरच्यांसाठीही आहे. कॅन्सरच्या पेशंटला सांभाळणाऱ्यांचं जगणं कसं चाललंय ते मोजायला ३५ प्रश्नांची एक प्रश्नावली आहे, १९९९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेली. मागच्या सात दिवसांपुरतं विचारतात, प्रत्येक प्रश्नाला शून्य ते चार. झोप, पैसा, चिडचिड. अपराधी वाटतं का, हेही त्यात आहे. तिथे मी अडले. कारण त्याच आठवड्यात एका रात्री मनात आलं होतं, सुटू दे आता. ह्यांची नाही, माझी सुटका. सकाळी त्यांच्याकडे बघवेना. आणि त्याच कागदावर हेही विचारलंय, की तुमचं माणूस तुमच्या अधिक जवळ आलंय का? तिथेही मला चारच द्यावेसे वाटले. दोन्ही खरं होतं.

"काही लागलं तर सांगा हं," सगळेच म्हणायचे, अगदी मनापासून. पण काय लागेल ते आठवून, कुणाला सांगावं ते ठरवून, फोन करायला लागतं ते त्राण सांभाळणाऱ्याच्या अंगात नसतं. समोरच्या वहिनींनी तसं म्हटलंच नाही. त्या आल्या आणि म्हणाल्या, "मंगळवार-शुक्रवार, दोन ते पाच मी बसणार. नळीचं मला शिकव." दोनदा माझ्यासमोर करून दाखवलं आणि मग मला आत पिटाळलं. पहिल्या मंगळवारी मी केस धुतले. शेवटचे कधी धुतले होते ते आठवेना. ओल्या केसांनीच मागच्या खोलीत आडवी झाले, ती थेट पावणेपाचला उठले.

बसणं जमत नसेल तर एखादं काम अंगावर घ्या. आम्हाला दाखवायला मुंबईला जावं लागायचं. रेल्वेत कॅन्सरच्या पेशंटला उपचाराला जाताना स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण सूट असते, सोबतच्या एकाला ७५ टक्के. त्यासाठी हॉस्पिटलचा फॉर्म भरून आणावा लागतो. माझा भाचा तेवढंच करायचा, फॉर्म आणि अवंतिका एक्सप्रेसचं तिकीट. आणायचं ते त्यानंच लक्षात ठेवायचं, मला आठवण करावी लागायची नाही. हेच फार होतं.

तेव्हा फोन केलात तर असं विचारा: "गुरुवारी दोनला येऊ का? तुम्ही झोपा, मी बसते." नाही म्हणतील. पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारा. मीही वहिनींना आधी नाहीच म्हटलं होतं.

ह्यांना जाऊन आता चार वर्षं झाली. कढणाच्या वेळा लिहायची वही अजून कपाटात आहे. बहुतेक पानांवर माझं अक्षर, नुसते आकडे. मंगळवार-शुक्रवारी मात्र वहिनींचं. त्या पहिल्या मंगळवारच्या पानावर आहे: "२.३० – २०० मिली. खिडकी उघडायला सांगितली खुणेनं. ४.१० – जरा हसले. तू झोपली होतीस."