दारावरचा सोनेरी आकडा

लंडनमधल्या जुन्या घरांचा नंबर बऱ्याचदा दारावर नसतो, दाराच्या डोक्यावर असतो. दाराच्या वर जी आडवी किंवा अर्धगोल काच असते, तिच्या मधोमध 27 किंवा 114 असा सोनेरी आकडा, त्याला काळी कड आणि एका अंगाला पडलेली सावली. इथं राहायला आल्यावर बरीच वर्षं मी या आकड्यांकडे फक्त पत्ता शोधण्यापुरतं पाहिलं, म्हणजे ज्या कामासाठी ते आहेत तेवढ्यापुरतंच. त्यांच्याकडे नीट लक्ष गेलं ते इथल्या हिवाळ्यामुळे. डिसेंबरात दुपारी साडेतीन-चारलाच अंधारून येतं. दारं, विटा, कुंपणं सगळं एकाच करड्या रंगात बुडतं, आणि हे आकडे मात्र दिसत राहतात. पिवळ्या रंगाचे असते तर तेही काळपटून गेले असते. सोनं मात्र रस्त्यावरच्या दिव्याचा, समोरच्या खिडकीचा, जाणाऱ्या गाडीचा, मिळेल तो उजेड उचलतं.

हो, सोनं. खरं सोनं, साधारण 23 कॅरेटचं, काचेच्या आतल्या बाजूनं लावलेलं. आपल्याकडे काजूकतलीवर चांदीचा वर्ख असतो, तसाच हा सोन्याचा वर्ख, ठोकून ठोकून मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतका पातळ केलेला. 80 मिलिमीटरचे चौकोन, पातळ कागदांच्या मध्ये घातलेले, पंचवीस वर्खांची एक छोटी वही. एका चौकोनात सोनं असतं जेमतेम 12 ते 18 मिलिग्रॅम. त्यामुळे रस्त्याच्या तोंडावर सोनं लावूनही लोक निवांत झोपतात. ते खरवडून नेणाऱ्या चोराची मजुरीसुद्धा सुटायची नाही.

आमच्या गल्लीत एका घराची वरची काच तडकली, नवी बसवली आणि तिच्यावर आकडा काढायला एक कारागीर आला. मी चहाचं निमित्त काढून त्या घराच्या बोळात जाऊन उभा राहिलो. त्यानं पहिली विनंती केली ती दार लावून घेण्याची, आणि जमलं तर फार जोरात श्वास न सोडण्याची. वर्ख हातानं उचलता येत नाही. बोटाला लागला की संपला. त्याच्याकडे खारीच्या केसांचा एक पसरट, पातळ कुंचला होता. तो त्यानं आधी स्वतःच्या गालावरून फिरवला. गालाच्या त्वचेवर जो नकळत तेलकटपणा असतो, तेवढ्यावर वर्ख कुंचल्याला अलगद चिकटतो आणि तेवढ्यावरच सुटतोही. त्या आधी काच लख्ख धुऊन, गरम पाण्यात जिलेटिनची एक रिकामी कॅप्सूल विरघळवून, ते पाणी त्यानं काचेवर ओघळेपर्यंत फिरवलं होतं. औषधाच्या कॅप्सूलचं कवच असतं ना, तेच. सोनं काचेला धरून ठेवतं ते एवढंच.

पुढचा भाग मी त्याला पुन्हा करायला सांगणार होतो, पण करायला पंचवीस वर्ख होतेच. कुंचला काचेपासून बोटभर अंतरावर आला की वर्ख आपणहून झेप घेऊन ओल्या काचेवर जाऊन बसतो. त्याला ढकलावं लागत नाही, पाणीच ओढून घेतं. बसतो तेव्हा तो सुरकुतलेला आणि निस्तेज दिसतो. सोनं म्हणावं असं काही त्यात नसतं. पाणी खाली निथळत जातं, सुरकुत्या ताणल्या जातात, आणि पाच-दहा मिनिटांत बाहेरून पाहिलं तर तिथं आरसा असतो. आतून उजेडाकडे पाहिलं तर मात्र तोच वर्ख हिरवा दिसतो. इतक्या पातळ सोन्यातून उजेड आरपार येतो आणि येताना हिरवट होऊन येतो. त्या हिरव्यात जिथं जिथं पांढरे ठिपके आणि चिरा दिसतात तिथं सोनं पडलेलं नाही, असं समजायचं. म्हणून दुसरा थर.

या सगळ्यात आकडा अजून कुठंच नाही. काचेवर नुसता सोन्याचा ओबडधोबड पत्रा. आता कागदावर काढलेला आकडा टोचून घेतलेला असतो, त्याचा खाका उलटा धरून खडूच्या पुडीनं मागे उठवायचा आणि त्या ठिपक्यांच्या आत काळा रंग भरायचा. म्हणजे सोन्याच्या पाठीवर, उलटा 7 आणि उलटा 2. रंग वाळला की ओल्या कापसानं आजूबाजूचं सोनं हलक्या हातानं पुसून टाकायचं. ज्याच्या पाठीशी रंग आहे तेवढंच सोनं टिकतं, बाकीचं कापसावर येतं. मग काळी कड, मग सावली, शेवटी वार्निश.

मला सगळ्यात जास्त गंमत या उलट्या क्रमाची वाटली. अक्षरं उलटी काढणं ही नुसती सवय आहे. छापखान्यातले खिळे जुळवणारे लोकही जन्मभर उलटं वाचत. पण काचेमागून रंगवणाऱ्याला वेळही उलटा चालवावा लागतो. भिंतीवर किंवा पत्र्यावर पाटी रंगवणारा आधी पाया घालतो, मग अक्षर, मग सावली, आणि अगदी शेवटी, पेंटर लोक जीव लावून मारतात तो पांढऱ्या रंगाचा चमकता फटकारा. काचेवर तो फटकारा पहिला. नजरेला जे सगळ्यात पुढं दिसायचं ते सगळ्यात आधी, आणि पार्श्वभूमी सगळ्यात शेवटी. एकदा मागचा थर चढला की पुढच्याला हात लावता येत नाही, कारण तो आता मध्ये अडकलेला असतो. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांमधून देवादिकांची काचेवर मागून रंगवलेली चित्रं असत. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अशी काचचित्रं पाहायला मिळतात. ती रंगवणाऱ्याचाही हाच हिशेब. कपाळावरचा टिळा आधी, कपाळ नंतर. डोळ्यातला प्रकाशाचा ठिपका, मग बुबुळ, मग डोळा, मग चेहरा. दागिने घालून झाल्यावर देह. हे कळल्यापासून ती चित्रं मी निराळ्या नजरेनं पाहतो. त्यातला प्रत्येक मोती कुणीतरी कोऱ्या काचेवर, गळा कुठं येणार आहे हे नुसतं मनात धरून ठेवलेला असतो.

एवढा खटाटोप आतून का करायचा, तर बाहेर पाऊस आहे. पूर्वी कोळशाचा धूरही होता. बाहेरून रंगवलेली पाटी दर काही वर्षांनी नव्यानं रंगवावी लागते. आतून लावलेल्या सोन्यावर ऊन-पाऊस पडत नाही, पडतो तो काचेवर, आणि काच पुसता येते. खिडक्या पुसणारा माणूस वर्षानुवर्षं त्या आकड्यावरून फडकं मारत असतो आणि आकड्याला त्याचा पत्ताही नसतो. धोका असतो तो घरातल्याच एखाद्या स्वच्छताप्रिय माणसाचा, जो आतून फवारा मारून घासायला घेतो.

आकडे ही या कलेची चिल्लर. तिची खरी मिजास पाहायची तर पबमध्ये जायला हवं. ब्रिटनमध्ये काचेवर वजनाप्रमाणे कर होता, तो 1845 मध्ये उठला. खिडक्यांवरचा कर 1851 मध्ये गेला. त्याच 1851 साली हाइड पार्कात जवळपास तीन लाख तावदानांचा क्रिस्टल पॅलेस हा प्रदर्शनाचा काचमहाल उभा राहिला. काच स्वस्त झाली, मोठी झाली, गॅसचे दिवे होतेच, आणि दारूच्या दुकानदारांना कळलं की एक दिवा आणि चार आरसे म्हणजे पाच दिवे. 1890 च्या दशकात लंडनमध्ये पबांवर पैसा अक्षरशः ओतला गेला. हाय होबर्न रस्त्यावरच्या प्रिन्सेस लुईस या पबमध्ये 1891 ची ती सजावट अजून आहे. आत शिरलं की उभ्या आरशांवर सोनेरी वेली, अक्षरं, फुलदाण्या, आणि ग्राहकांना लहान लहान खणांत वाटून टाकणाऱ्या, कोरलेल्या काचांच्या आडभिंती. (त्या आडभिंती मधल्या काळात काढून टाकल्या होत्या, एकविसाव्या शतकात पुन्हा घातल्या. सांगितलं नाही तर कळत नाही, आणि सांगितल्यावर उगीच शहाण्यासारखं वाटतं.)

त्या काचा करायच्या तऱ्हांतली पहिलीच ऐकली की अंगावर काटा येतो. हायड्रोफ्लोरिक आम्ल हे काच खाणारं आम्ल. जो भाग चकचकीत ठेवायचा त्यावर डांबरी काळा लेप द्यायचा आणि उरलेली काच आम्लाला खायला द्यायची. आम्लात योग्य ते क्षार मिसळलेले असले की ती दुधी होते. लेप बदलत दोन-तीनदा केलं की दुधीपणाच्या छटा मिळतात. हे आम्ल कातडीवर पडलं तर कधीकधी लगेच दुखतसुद्धा नाही, आणि तोवर ते आत हाडातल्या कॅल्शियमपर्यंत निघालेलं असतं. व्हिक्टोरियन कारखान्यांत हे काम लोक रोज करत होते. बिअरच्या आरशावरची ती नाजूक द्राक्षं पाहताना हे आठवतं आणि मग द्राक्षं तितकी नाजूक वाटत नाहीत.

दुसरी तऱ्हा सरसाची. ही मला फार आवडते, कारण हिच्यात माणूस अर्धंच काम करतो. काच आधी वाळूनं खरखरीत करून घ्यायची, तिच्यावर जनावरांच्या कातड्या-हाडांचा गरम सरस जाड थापायचा आणि कोरड्या हवेत सोडून द्यायचं. सरस वाळताना आक्रसतो. काचेला त्यानं इतकं घट्ट धरलेलं असतं की आक्रसताना तो तिचे कपचे उचकटून काढतो. तड्, तड् असा आवाज येत राहतो, तुकडे उडतात. खाली उरतात त्या नेच्याच्या पानांसारख्या, एकातून एक फुटत गेलेल्या नक्ष्या. कुठल्याही दोन काचांवर त्या सारख्या येत नाहीत. हवा दमट असेल तर सरस हट्टानं मऊ राहतो आणि काहीच घडत नाही. मुंबईच्या जुलैत हा उद्योग करणाऱ्याची काय गत होईल ते सांगायला नको.

तिसरी चाकाची. फिरत्या दगडी चाकावर काचेत खोल, तिरक्या कडांच्या रेघा पाडायच्या. यात चाक जागेवर असतं आणि काच हलते. दोन माणसं उचलतील एवढं तावदान वरून वजन टांगून तोलून धरायचं आणि कारागिरानं ते चाकावर फिरवायचं. तो पाहतो काचेच्या या बाजूनं, काप पडतो तो पलीकडच्या बाजूला. मग लाकडाच्या, नमद्याच्या चाकांनी त्याच रेघा पुन्हा झिलई येईपर्यंत घासायच्या. अशी रेघ गॅसच्या उजेडात पेटल्यासारखी दिसत असणार. विजेच्या दिव्यातही वाईट दिसत नाही.

आता यातली खोच. एवढी महाग काच लावायची आणि तिच्यातून आरपार दिसू द्यायचं नाही! पबला उजेड हवा होता, पण आत बसलेल्याला रस्त्यावरच्या कुणी बघायला नको होतं. आपल्याकडे परमिट रूमच्या काचेला काळी फिल्म चिकटवून भागवतात. यांनी त्याच गरजेपायी आम्ल, सरस, चाक, सोनं सगळं कामाला लावलं. ब्लूम्सबरीत लॅम्ब नावाचा पब आहे. त्याच्या काउंटरवर चेहऱ्याच्या उंचीला कोरलेल्या काचेच्या छोट्या झडपांची ओळ अजून शाबूत आहे. झडप फिरवायची, पेला घ्यायचा, झडप लावायची. देणाऱ्यानं घेणाऱ्याचं तोंड पाहायचं नाही आणि पलीकडच्या स्वस्त कप्प्यातल्या माणसानं साहेबाला ओळखायचं नाही. मी त्यातली एक झडप फिरवून पाहिली. हलकी, लोण्यासारखी फिरते. शंभरेक वर्षांच्या संकोचानं तिची बिजागरी छान रुळली आहे.

विसाव्या शतकात निऑन आलं, प्लास्टिक आलं, पबवाल्यांनी आडभिंती तोडून मोठे हॉल केले, आणि ही कामं जाणणारी माणसं कमी होत गेली. तरी धागा तुटलेला नाही. डेव्हनमधल्या टॉर्कीचा डेव्हिड स्मिथ सोन्याच्या वर्खापासून सरस-कोरणीपर्यंत सगळं एकाच काचेवर करतो. जॉन मेयर या अमेरिकन गायकाच्या 2012 च्या अल्बमचं मुखपृष्ठ त्याच्या हातचं आहे. आपल्यासारख्यांच्या आवाक्यात अर्थात दारावरचा आकडाच. तोही आता सोनेरी व्हायनिलचा तयार मिळतो, सोलायचा आणि चिकटवायचा.

फरक ओळखायचा असेल तर समोरून पाहू नका, तिरके उभे राहा. व्हायनिल सगळीकडून एकसारखं पिवळं दिसतं आणि त्याची कड पात्यानं कापल्यासारखी सरळ असते. सोन्यात एका कोनात आकाश दिसतं, दुसऱ्या कोनात तुमचं जाकीट. जिथं दोन वर्ख एकमेकांवर चढले आहेत तिथं केसासारखी पुसट रेघ दिसते, आणि काळ्या कडेला एखाद्या वळणावर कुंचला किंचित थांबल्याचं कळतं. आमच्या गल्लीतले सगळे आकडे मी असे तिरके उभं राहून तपासून झालेत. खरे किती निघाले ते इथं लिहीत नाही. शेजाऱ्यांशी संबंध चांगले आहेत, आणि त्यातल्या काहींनी खऱ्याचे पैसे मोजलेत.