एकाच गाळ्यात घर आणि कर्ज

पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या माझ्या जेमतेम तीनशे चौरस फुटांच्या गाळ्यात गेली चार वर्षे दोन व्यवसाय नांदत आहेत. पुढच्या टेबलावर मी घरांच्या खरेदी-विक्रीचे काम पाहतो आणि मागच्या बाजूला, बँकांसाठी गृहकर्जाच्या फायली करणारे माझे एक स्नेही बसतात. ही भागीदारी नव्हे. जागा एक, धंदे दोन. अशी मांडणी करू इच्छिणारे नवे एजंट मला अधूनमधून विचारणा करतात, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

ग्राहकाची सोय होते, यात शंका नाही. साठ लाखांचा फ्लॅट पाहून आलेल्या माणसाला बहुधा वाटत असते की बारा लाख जवळ असले की झाले, कारण तीस ते पंचाहत्तर लाखांच्या कर्जात बँक किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत रक्कम देते, हे त्याने ऐकलेले असते. परंतु त्या किमतीत स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणी फी धरली जात नाही. पुणे शहरात ७ टक्क्यांनी ४ लाख २० हजार आणि नोंदणीचे ३० हजार असे मिळवले, की स्वतःचे साडेसोळा लाख लागतात. हा हिशेब टोकन देण्यापूर्वी, त्याच तासाला, कर्जाचे काम रोज करणाऱ्या माणसाकडून समजला, तर पुढचा मनस्ताप टळतो. रिसेलच्या फ्लॅटमध्ये आधीच्या करारनाम्यांपैकी एखादा गहाळ असेल, तर तेही मागच्या टेबलावर लगेच लक्षात येते.

मात्र याच जवळिकीमुळे माझ्या हातून एक चूक घडली. सुरुवातीला आमच्या दोघांमध्ये फक्त प्लायवूडची पार्टिशन होती. एका शिक्षिकेने रिसेलच्या फ्लॅटसाठी अठ्ठावन्न लाखांच्या पुढे जाणे शक्य नाही, असे मला सांगितले होते. मालक चौसष्टवर अडून होते. दुपारी त्या आपल्या सॅलरी स्लिपा घेऊन मागच्या टेबलाशी बसल्या आणि ‘मॅडम, तुम्हाला पन्नास लाखांपर्यंत कर्ज बसू शकेल’ हे वाक्य मला स्पष्ट ऐकू आले. संध्याकाळी मालकांना मी म्हणालो, ‘काका, बासष्टच्या खाली येऊ नका.’ व्यवहार बासष्टलाच झाला. त्या बाईंनी आपली कागदपत्रे दुसऱ्या टेबलावर विश्वासाने ठेवली होती आणि त्यांचा उपयोग मी त्यांच्याच विरुद्ध केला होता. माझी दलाली किमतीवर ठरते, स्नेह्यांचे पे-आउट, म्हणजे बँकेकडून मिळणारे कमिशन, कर्जाच्या रकमेवर. म्हणजे आकडा वाढला की दोन्ही टेबलांचा फायदा आणि भार एकट्या ग्राहकावर. जागा एकत्र घेणाऱ्याने हे पहिल्याच दिवशी ओळखून असावे. मी ओळखले नव्हते, याची खंत आजही वाटते.

त्यानंतर मागच्या टेबलाच्या जागी दार असलेली बंद केबिन झाली, फायलींच्या कपाटाची किल्ली फक्त त्यांच्याकडे गेली, आणि कर्ज कोणत्याही बँकेतून घेण्यास आपण मोकळे आहात, हे ग्राहकाला पहिल्याच भेटीत लेखी देण्याचा नियम आम्ही केला. १ ऑक्टोबर २०२४ पासून गृहकर्जासारख्या किरकोळ (रिटेल) कर्जांसाठी बँकेने मुख्य तथ्य विवरणपत्र देणे बंधनकारक झाल्यामुळे, सर्व खर्च धरून येणारा वार्षिक दर एका कागदावर मिळतो. तो घेऊन दुसऱ्या बँकेत जाऊन या, असे स्नेही स्वतः सांगतात.

भाड्याचा प्रश्न यापेक्षाही नाजूक आहे. पूर्वी ते भाडे देत नसत, तर प्रत्येक मंजूर फाइलमागे पे-आउटचा काही भाग मला देत. तेव्हा ते सोयीचे वाटे. पण त्यामुळे माझे भाडे ग्राहक मागच्या टेबलाकडे पाठवण्यावर अवलंबून राहिले आणि माझा सल्ला निर्मळ राहिला नाही. अमेरिकेत घरव्यवहारातील अशा मोबदल्यावर १९७४ च्या कायद्याने बंदी आहे, आणि १९९६ च्या तेथील सरकारी धोरणपत्रकानुसार कार्यालयाच्या भाड्याची कसोटी अशी, की या व्यवसायाशी संबंध नसलेला माणूस त्याच जागेला किती भाडे देईल. ही कसोटी मला पूर्णपणे पटली. आमच्या केबिनमध्ये उद्या एखादा शिंपी बसला, तर तो जे भाडे देईल तेच स्नेह्यांनी द्यावे, असे आम्ही शेजारच्या गाळ्यांची चौकशी करून ठरवले. फायली दहा होवोत की एकही न होवो, रक्कम तीच राहते आणि दर महिन्याच्या पाच तारखेला बँकेतून जमा होते.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात सांगतो. गाळा स्वतःचा नसेल, तर मूळ मालकाची लेखी संमती आधी घ्यावी. लिव्ह अँड लायसन्सचा करार महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे नोंदवावा. तोंडी व्यवहार मित्राशीही करू नये. महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाचा, एजंट नोंदणी क्रमांक ठळक लावावा आणि दोन्ही व्यवसायांच्या पाट्या वेगळ्या ठेवाव्यात, म्हणजे आपण कोणाशी बोलत आहोत, हे ग्राहकाला उंबऱ्यावरच कळते.

आमच्या कराराची मुदत पुढील महिन्यात संपते. स्नेह्यांना केबिनसाठी स्वतंत्र प्रवेश हवा आहे. मागच्या बोळातून दार काढता येईल का, हे विचारण्यासाठी मी सोसायटीला अर्ज दिला आहे.