इथे लोकल भाडेकरू आहे

परवा शिकागोत ऑफिसमधून घरी येताना लोकल ब्राइटन पार्क क्रॉसिंगच्या अलीकडे थांबली ती थांबलीच. घोषणा झाली, पुढून मालगाडी जातेय. जातेय म्हणजे किती जातेय! इथली मालगाडी सहज दोन-अडीच किलोमीटर लांब, कंटेनरवर कंटेनर चढवलेले, डबे मोजता मोजता कंटाळा आला. आणि आमच्या डब्यात कुणी मान वर करून बघेना. कल्याणला एक्सप्रेस पुढे काढायला लोकल रखडवली तर काय होतं ते तुम्हाला सांगायला नको, 2015 ला लोकल रखडल्या तेव्हा दिव्याला कशी दगडफेक झाली आठवत असेलच.

पण इथे चिडायचं कुणावर? रूळच लोकलचे नाहीत! शिकागोच्या बऱ्याच लोकल खासगी मालगाडी कंपन्यांच्या रुळांवरून जातात, रूळ त्यांचे, सिग्नल त्यांचे, आधी कोण जाणार हेही बहुतेक तेच ठरवणार. मालगाडीच्या आधी जायचा कायदेशीर हक्क आहे तो लांब पल्ल्याच्या गाड्या चालवणाऱ्या अ‍ॅमट्रॅकला, आमच्यासारख्या रोज अप-डाऊन करणाऱ्यांना नाही. त्यात देशातल्या रेल्वे मालवाहतुकीचा साधारण चौथा हिस्सा शिकागोवरून जातो. ब्राइटन पार्कला तर रूळ रुळांना आडवे कापतात, मध्ये पूल नाही, आणि 2007 पर्यंत तिथे प्रत्येक गाडीने आधी थांबायचं, मग टपरीतला माणूस हाताने दांडा ओढून सिग्नल देणार. अमेरिकेत! भावाला फोनवर सांगितलं तर म्हणाला, थापा मारू नकोस.

आपल्याकडे निदान रूळ आणि गाड्या एकाच घरातल्या. मालगाडीच्या कमाईवर पॅसेंजरचं तिकीट स्वस्त राहतं, आणि गर्दीच्या वेळी मालगाडी गपचूप बाजूला उभी. ठाणे-दिवा पाचवी-सहावी लाइन व्हायला 2022 उजाडलं हे मान्य, पण झाली ना!

आता कोणी म्हणेल, मग राहतोस कशाला तिकडे. तर बाबांनो, बसायला जागा मिळते, दारात कुणी लोंबकळत नाही, आणि एवढा माल रुळांवरून जातो म्हणून हायवेवर ट्रक थोडे तरी कमी. उशीर झाला तर लॅपटॉप उघडून काम उरकतं (फावतं बॉसचं, पण असो).

फक्त शनिवार-रविवारी आमच्या लाइनला लोकलच नाही. लेमाँट उपनगरातलं राम मंदिर बघायला शहरातून पाहुणे निघाले की कार काढून आणायला मीच जातो, आणि फाटकाशी थांबतो, कारण मालगाड्यांना रविवार नसतो.