एनबीए लाइव्ह २००५ : एका जुन्या गेमची गुणवत्ता आणि उणिवा

एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगवर बेतलेला आणि इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने २००४ साली बाजारात आणलेला ‘एनबीए लाइव्ह २००५’ हा गेम आता जुन्यात जमा झाला असला, तरी बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या माझ्यासारख्या अनेकांना बास्केटबॉलची खरी गोडी त्यानेच लावली, असे मला मनापासून वाटते. क्रिकेट, फुटबॉल आणि कुस्ती यांत रमलेल्या आमच्या भागात बास्केटबॉलचे मैदान शाळा-कॉलेजांच्या आवाराबाहेर क्वचितच दिसे, आणि अमेरिकेतले सामने आपल्याकडे भल्या पहाटे किंवा सकाळी होत असल्यामुळे ते पाहणेही सहसा जमत नसे. त्यामुळे बेळगावच्या टिळकवाडीतल्या सायबर कॅफेत कार्मेलो अँथनी या एनबीए खेळाडूचे चित्र असलेला हा गेम हाती आला, तेव्हा चोवीस सेकंदांच्या आत बास्केटकडे चेंडू टाकावाच लागतो, हा नियमही आमच्यापैकी कित्येकांना तिथेच कळला.

या गेमचे सर्वांत मोठे बळ म्हणजे त्यातला ऑल-स्टार वीकेंड, म्हणजे लीगमधल्या नामवंत खेळाडूंचा खास सामना आणि त्याभोवतीच्या स्पर्धा. डंक (उंच उडी घेऊन चेंडू हाताने थेट रिंगमध्ये घालणे) स्पर्धा आणि तीन गुणांची (लांबच्या रेषेबाहेरून चेंडू टाकण्याची) स्पर्धा एनबीए लाइव्हच्या मालिकेत इतक्या तपशिलाने पूर्वी कधी आल्या नव्हत्या. डंक स्पर्धेत धाव घेणे, झेप घेणे आणि हवेत चेंडू फिरवणे यांसाठी वेगवेगळी बटणे नेमक्या वेळी दाबावी लागतात. क्षणभर उशीर झाला, तर चेंडू रिंगवर आदळून बाहेर जातो आणि सारी मेहनत वाया जाते. मला मात्र तीन गुणांची स्पर्धा अधिक मोलाची वाटते. साठ सेकंद, चेंडू ठेवलेले पाच रॅक, प्रत्येक रॅकवर पाच चेंडू, त्यांतले पहिले चार एकेका गुणाचे आणि शेवटचा दोन गुणांचा, म्हणजे एकही चेंडू न चुकता जास्तीत जास्त तीस गुण. बटण दाबून धरायचे आणि खेळाडूची उडी सर्वांत उंच पोहोचताच ते सोडायचे, एवढीच त्यातली युक्ती आहे. पण प्रत्येक खेळाडूची उडी आणि हात सोडण्याची लय निराळी असल्याने ती प्रत्येक वेळी नव्याने शिकावी लागते. उडी मारून चेंडू कधी सोडावा, ही बास्केटबॉलमधली मूळ गोष्ट शब्दांत समजावणे कठीण असते, आणि या गेमने ती बोटांना शिकवली.

त्या वर्षीची लीगही विलक्षण होती. शकील ओनील लॉस एंजेलिस सोडून मायामीत गेला होता, ट्रेसी मॅकग्रेडी ह्यूस्टनमध्ये याओ मिंगच्या सोबतीला आला होता आणि शार्लट बॉबकॅट्स हा तिसावा संघ नव्यानेच लीगमध्ये उतरला होता. डायनेस्टी या प्रकारात अशा नवख्या संघाची सूत्रे हाती घेऊन खेळाडूंचे करार, अदलाबदल आणि तरुणांची निवड करत हंगामामागून हंगाम पुढे जाता येते, आणि खेळाचा हा हिशेबी भाग मला आजही रिकाम्या संध्याकाळी गुंतवून ठेवतो.

आता उणिवांकडे वळतो, आणि त्या किरकोळ नाहीत. पहिली आणि गंभीर उणीव बचावाची. वेगाचे बटण दाबून चांगला खेळाडू थेट रिंगकडे घुसला, की संगणकाचे बचावपटू त्याला वाट करून देतात. मग पास देऊन, अडथळा उभा करून मोकळा खेळाडू शोधण्याचे कारणच उरत नाही. दुसरी उणीव रिबाउंडची, म्हणजे नेम चुकून रिंगवरून परतलेला चेंडू पकडण्याची. प्रत्यक्ष मैदानात प्रतिस्पर्ध्याला पाठीने रेटून जागा धरणे हे निम्मे काम असते, आणि कुस्तीच्या आखाड्यात पाय रोवण्याचे महत्त्व जाणणाऱ्या आमच्या भागात ते कोणाला वेगळे सांगायला नको. या गेममध्ये मात्र ज्याची उडी वेळेवर त्याचाच चेंडू, आणि चुकलेला फटका हवेतच परत रिंगमध्ये ढकलण्याचे प्रसंग वाजवीपेक्षा फार जास्त येतात. खेळाडूंचे पाय जमिनीवर ठाम टेकल्यासारखे न वाटता घसरल्यासारखे वाटतात, तेही खटकते. मार्व अल्बर्ट यांचा समालोचनातला आवाज भारदस्त आहे, पण तीच वाक्ये पुन्हा पुन्हा कानी पडतात.

आमच्याकडे आणखी एक अडचण होती, ती कीबोर्डची. तिरके धावण्यासाठी दोन बाणांच्या कळा, त्यात वेगाची कळ आणि वर डंकची कळ अशा चार कळा एकदम दाबल्या, की स्वस्त कीबोर्ड त्यांतली एखादी कळ हमखास गिळून टाके आणि खेळाडू रिंगखाली नुसता उभा राहत असे. चेंडू हाताळण्याच्या खास चालींसाठी हा गेम गेमपॅडच्या उजव्या स्टिकवर भर देतो, त्यामुळे निव्वळ कीबोर्डवर खेळणाऱ्याला त्याचे निम्मेच सुख मिळते.

ज्यांना हा गेम आज प्रथमच खेळायचा असेल, त्यांनी साधा का होईना, गेमपॅड जवळ ठेवावा, पातळी सुपरस्टार निवडावी, सेटिंगमध्ये संगणकाच्या संघाची बचावाची ताकद वाढवावी आणि डंकचा मोह आवरून आधी तीन गुणांच्या स्पर्धेत चार-पाच निरनिराळ्या खेळाडूंच्या उड्या नीट निरखाव्यात.