तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या चित्रकारांच्या कॉप्या कशाला करायच्या?

मी चित्रकला शिकवतो आणि जवळपास प्रत्येक नव्या बॅचमध्ये कोणीतरी हे विचारतंच, की सर आम्हाला आमचं चित्र काढायचंय, मग या जुन्या लोकांच्या कॉप्या करत बसलो तर आमची स्टाइल मरणार नाही का? प्रश्न चांगला आहे, वर्गातल्या दोन मिनिटांत त्याचं उत्तर होत नाही, म्हणून इथे लिहितोय.

स्टाइल म्हटलं की सगळे व्हॅन गॉगचं नाव घेतात, तर त्याचंच सांगतो. १८८९ च्या मे महिन्यात तो फ्रान्समधल्या सँ-रेमीच्या मनोरुग्णालयात राहायला गेला. आजारपणामुळे बरेच दिवस बाहेर पडता यायचं नाही, मॉडेल मिळायचे नाहीत, मग त्यानं मिलेच्या चित्रांच्या प्रिंट समोर ठेवल्या आणि त्यावरून वीसेक चित्रं रंगवली. मिले म्हणजे शेतकऱ्यांची चित्रं काढणारा आधीच्या पिढीतला मोठा चित्रकार, व्हॅन गॉग त्याला फार मानायचा. आता यात महत्त्वाचं काय, तर त्या प्रिंट काळ्या-पांढऱ्या होत्या. म्हणजे माणूस कुठे बसलाय, कंबर किती वाकलीय, गवताची गंजी कुठे आहे हे सगळं मिलेनं ठरवून दिलेलं, आणि रंग एकसुद्धा नाही. दुपारी गंजीच्या सावलीत झोपलेल्या जोडप्याचं चित्र शोधून बघा, त्यातला तो निळा आणि त्याच्या अंगावर येणारा पिवळा-केशरी, हे सगळं व्हॅन गॉगचं आहे, आणि तो कुठल्याही कोपऱ्यातून ओळखू येतो. भावाला लिहिलेल्या पत्रात त्यानं म्हटलंय की वादक दुसऱ्या कोणाची रचना वाजवतो आणि ती स्वतःच्या पद्धतीनं उलगडतो, तसंच हे. आपल्याकडे तर हे समजवावं लागू नये, तीच बंदिश दहा जण गातात आणि आपण डोळे मिटूनही सांगतो कोण गातंय.

माझं म्हणणं इतकंच आहे की कॉपी करताना निम्मं ओझं दुसऱ्यानं उचललेलं असतं, त्यामुळे उरलेल्या निम्म्याकडे तुम्ही पूर्ण जीव लावून बघू शकता. स्वतःच्या चित्रात रचना, ड्रॉइंग, छायाप्रकाश, रंग सगळं एकदम अंगावर येतं आणि मग कशाकडेच नीट लक्ष जात नाही.

चित्रकार सावळाराम हळदणकरांचं निरांजन घेतलेल्या मुलीचं चित्र घ्या, ‘ग्लो ऑफ होप’, म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं. ते जलरंगात आहे हे अनेकांना माहीतच नसतं! पारदर्शक जलरंगात उजेड नंतर वरून लावता येत नाही, जिथे उजेड हवाय तिथे कागद राखावा लागतो, म्हणजे ज्योतीवर धरलेल्या हातातून, बोटांच्या फटींतून जो तांबूस प्रकाश झिरपतो तो पहिल्या वॉशच्या, म्हणजे पाण्यासारख्या पातळ रंगाच्या पहिल्या थराच्या, आधीच डोक्यात पक्का असायला हवा. नुसतं बघून आपण वा म्हणतो आणि पुढे जातो. पण फक्त तो हात एका कागदावर करायला घ्या, काय आधी, काय नंतर, कुठे थांबायचं हे प्रश्न लगेच समोर येतात. टॅबलेटवर चुकलं की ‘अनडू’ करून मागे जात वाढलेल्या मुलांना तर हा सराव मी मुद्दाम देतो.

आणि अजिंठा. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून १८८५ पर्यंत विद्यार्थ्यांना घेऊन तिथे कॉप्या करत होते, पेस्तनजी बोमनजी त्यांच्यातलेच. त्यातल्या बऱ्याच कॉप्या लंडनला पाठवल्यावर १८८५ च्या आगीत जळाल्या, वाचताना अजून हळहळ वाटते. ग्रिफिथ्स स्वतः युरोपियन पद्धतीत तयार झालेले, पण उभ्या भिंतीवर ब्रशच्या एका ओढीत काढलेल्या त्या लांब रेषा बघून ते थक्क झाले होते. हाच अजिंठा १९३६ मध्ये चित्रकार अमृता शेरगिलनं पाहिला. ती पॅरिसला शिकून आलेली, आणि १९३७ मधली तिची ‘ब्रह्मचारी’, ‘ब्राइड्स टॉयलेट’ वगैरे चित्रं बघा, अजिंठ्यातली एकही आकृती जशीच्या तशी उचललेली नाही, पण आकार सोपे झालेत, तपकिरी-तांबडे रंग शांत आणि सलग झालेत. तिची स्टाइल मेली का? मला तर वाटतं तिथूनच ती खरी तिची झाली.

हो, एका प्रकारच्या कॉपीला माझा विरोध आहे. फोनवरचा फोटो घ्यायचा, ग्रिड मारायची, चौकोन भरत जायचे आणि हुबेहूब झालं म्हणून पोस्ट करायचं, यात हात चालतो पण काही ठरवावं लागत नाही. फोटोत रंगही बदललेले असतात आणि मूळ चित्र किती मोठं आहे ते कळतच नाही.

तेव्हा जमेल तिथे मूळ चित्रासमोर उभे राहा. मुंबईत असाल तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांच्या संग्रहातली युरोपियन चित्रं आहेत, साताऱ्याकडे असाल तर औंधचं म्युझियम आहे, तिथे बरंच काही बघायला मिळतं. एकच चित्र निवडा, आधी डोळे किलकिले करून फक्त गडद आणि उजळ भाग पेन्सिलनं मांडा, तळहाताएवढं पुरे, रंगांचा विचार दुसऱ्या दिवशी. आणि ते स्केच वर्गात घेऊन या, कसंही झालेलं असलं तरी.