तुम्ही विचारलंत म्हणून : बरणीतलं समुद्री शेवाळ

सकाळी टेकडीवर भेटणाऱ्या मैत्रिणी असोत की सोसायटीतल्या सुना, गेल्या दोन वर्षांत सगळ्यांचा प्रश्न फिरून सी मॉसवर, म्हणजे खायच्या समुद्री शेवाळावरच येतो. "काकू, तुम्ही ते सी मॉस खाता ना? खरंच एवढं गुणकारी असतं? आणि करून ठेवलं तर टिकतं किती?" लिफ्टचं दार धरून दिलेल्या उत्तराने माझंच समाधान होत नाही, म्हणून एकदा नीट लिहिते. टिकण्याचं आधी सांगते, कारण त्या बाबतीत माझा हात बसलेला आहे.

पुण्यातल्या एका कॉलेजच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी अठ्ठावीस वर्षं सहायक होते. जिवाणू वाढवायच्या काचेच्या बशा भरणं हे माझं रोजचं काम. त्या बशीत जो पारदर्शक थर असतो तो अगारचा, आणि अगार निघतं लाल समुद्री शेवाळातून. आधी प्रयोगशाळांत जिलेटिन वापरत, पण ते उबेला वितळायचं. १८८१ च्या सुमाराला फॅनी हेसे या बाईंनी आपल्या नवऱ्याला अगार सुचवलं. तो जिवाणूंचे मोठे अभ्यासक रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम करत होता आणि फॅनीबाई घरी जेली करायला अगारच वापरत. ओट्यावरची वस्तू अशी विज्ञानात गेली, याचं मला आजही फार कौतुक वाटतं.

मुलांच्या वाढदिवसाला आपण ज्या चायना ग्रासचं पुडिंग करतो, तेही अगारच. म्हणजे शेवाळ आपल्या घरात नवं नाही, फक्त ते नाव लावून आलं नव्हतं.

माझ्याकडे ते आलं भाच्यामुळे. तो मर्चंट नेव्हीत आहे. कॅरिबियन बेटांवरच्या सेंट लुशियाहून त्याने वाळवलेल्या शेवाळाची पिशवी आणली. पिवळट, मध्येच जांभळट झाक, हाताला खरखरीत, वर मिठाचे कण. तिथे दोरांना बांधून समुद्रात त्याची शेती करतात. भिजवून, वाटून, दुधात दालचिनी आणि जायफळ घालून पितात, असं त्याने सांगितलं. जायफळ म्हटल्यावर मला ते लगेच आपलंसं वाटलं. या प्रकारातलं मूळ शेवाळ म्हणजे आयरिश मॉस, ते उत्तर अटलांटिकच्या थंड खडकांवरचं. सी मॉस म्हणून बाजारात येतं ते बहुधा उष्ण समुद्रातलं त्याचं भावंड. आपल्याकडे रामेश्वरमजवळ मंडपम-पांबनच्या बायका बांबूच्या तराफ्यांवर असंच एक शेवाळ वाढवतात, साधारण पंचेचाळीस दिवसांत काढणीला येतं.

पहिल्या खेपेला मी चुकले. जुलै महिना होता. शेवाळ भिजवून, वाटून एकदम अर्धा लिटर जेली केली, ती दुपारभर ओट्यावर राहिली, आणि ताकात घातलेला चमचाच घाईत तिच्यात गेला. नवव्या दिवशी झाकण काढलं तर कडेला गुलाबी साय, वर सुटलेलं पाणी आणि आंबूस वास. असा गुलाबी थर मी बशांवर शेकडो वेळा पाहिलेला. अर्धी बरणी शेजारच्या वहिनींना दिली होती. तशीच त्यांची बेल वाजवली आणि परत मागून आणली.

कारण सरळ आहे. अगारसारखा डिंक बहुतेक जिवाणूंना पचत नाही, हे खरं. पण मिक्सरमधून काढलेल्या जेलीत नुसता डिंक नसतो. शेवाळाचा सगळा गर असतो आणि पाणी तर भरपूर असतं. त्यात उष्टा चमचा गेला की आपण बशीच तयार करून दिली म्हणायची.

आता मी एका वेळी मूठभरच भिजवते. आधी तीन-चार पाण्यांतून चोळून धुते, वाळू पूर्ण जाईपर्यंत. मग पिण्याच्या पाण्यात बारा तास. उन्हाळ्यात पातेलं फ्रिजमध्येच. लिंबाची एक फोड टाकली की समुद्राचा वास उतरतो. फुगून दुप्पट-तिप्पट होतं आणि बोटांत काचेसारखं सुळसुळतं. ते पाणी ओतून द्यायचं, ताज्या पाण्यात मऊ वाटायचं, उकळत्या पाण्याने धुऊन कोरड्या केलेल्या लहान बरण्यांत भरायचं. विकणारे तीन-चार आठवडे टिकतं म्हणतात. मी आठ दिवसांवर ठेवत नाही. उरलेलं बर्फाच्या ट्रेमध्ये ओतते, गोठलं की वड्या पिशवीत आणि पिशवीवर तारीख. दोन महिने चांगल्या राहतात. एकदा वितळलेली वडी पुन्हा गोठवत नाही. आपल्याकडे दुरुस्तीसाठी गुरुवारी लाईट जाते, त्या दिवशी फ्रिज उगाच उघडत नाही. आणि फार वेळ गेलेली असली तर बरणीची दया करत नाही.

वाळलेलं शेवाळ घट्ट झाकणाच्या बरणीत, गॅसपासून लांब, अंधाऱ्या कपाटात महिनोन्‌महिने राहतं. पावसाळा तेवढा जपायचा. वरच्या मिठाला पाणी सुटतं आणि सगळं चिकट होतं. तसं झालं तर ताटात पसरून पंख्याखाली कोरडं करते. बुरशीचा ठिपका दिसला तर मात्र तेवढंच काढून बाकीचं ठेवायचं, असं करू नका.

आता गुणाचं. "ब्याण्णव खनिजं असतात" हे वाक्य तुम्ही सगळ्यांनी मला ऐकवलंय. शरीराला लागणारी मूलद्रव्यं वीस-पंचवीसच्या घरात आहेत. मूलद्रव्यांच्या तक्त्यात ब्याण्णवावं आहे युरेनियम, आणि त्याच्या आधी शिसं, आर्सेनिक, कॅडमियम येऊन जातात. शेवाळ पाण्यातलं चांगलं घेतं तसं हेही घेतं. म्हणून कुठल्या समुद्रातलं आहे आणि तपासलेलं आहे का, हे विचारूनच घ्यावं. कोकणात फिरायला गेल्यावर खडकावरचं खरवडून आणू का, असं एकीने विचारलं होतं. नको. सांडपाणी कुठे येऊन मिळतं ते आपल्याला दिसत नाही.

त्यात पाण्यात विरघळणारे तंतू असतात, थोडं लोह, मॅग्नेशियम, आयोडीन असतं. पण आपण खातो चमचाभर जेली, आणि त्यात बहुतेक पाणी. कॅल्शियम हवं असेल तर नाचणीची भाकरी खा. शंभर ग्रॅम नाचणीत तीनशेच्या वर मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तेवढ्याच ओल्या आयरिश मॉसमध्ये सत्तरच्या आसपास.

थायरॉईडचं मात्र हात जोडून सांगते. आमच्या टेकडीवरच्या एक बाई, वर्षानुवर्षं गोळी घेणाऱ्या. कुणीतरी सांगितलं म्हणून गोळी बंद करून ही जेली सुरू केली. तीन महिन्यांत चेहरा सुजला, जिना चढवेना, टीएसएच, म्हणजे थायरॉईडच्या रक्ततपासणीतला आकडा, कुठच्या कुठे गेला. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं. आपल्या आयोडीनयुक्त मिठाच्या दर ग्रॅममागे किमान १५ मायक्रोग्रॅम असायला हवं, म्हणजे रोजच्या स्वयंपाकातूनच बरंचसं भागतं. थायरॉईड पुष्कळदा आयोडीन कमी पडल्याने नाही, तर शरीराचीच प्रतिकारशक्ती ग्रंथीवर उलटल्याने बिघडतो. तिथे जादा आयोडीन त्रास वाढवू शकतं. शेवाळात ते किती हे जातीगणिक, समुद्रागणिक बदलतं. चमच्याने मोजता येत नाही. त्यामुळे थायरॉईडची किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, दिवस गेलेले असतील, अंगावर पाजत असाल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बरणी उघडू नका. मलाच फोन करून "थोडंसं चालेल ना?" असंही विचारू नका, मी हो म्हणणार नाही.

मग मी का खाते? मला आवडतं. पोटाला बरं वाटतं. खीर दाट होते, टोमॅटोच्या सारात घातलं तर कळतही नाही. शाकाहारी आहे. उपासाला चालतं का, ते तुमच्या घरच्या रीतीवर. आठवड्यातून दोन-तीनदा रात्री कपभर दूध तापवते, गोठवलेली एक वडी सोडते, ती विरघळेपर्यंत ढवळते आणि वरून जायफळ किसते.

त्या बाईंची गोळी पुन्हा सुरू झाली, आता बऱ्या आहेत. परवा घरी आल्या तेव्हा त्यांच्या कपात नुसतं जायफळाचं दूध दिलं.