तुम्ही विचारलंत म्हणून : वाहूची गोष्ट मी आता का सांगत नाही

परवा एका लग्नात बुफेच्या रांगेत ताट हातात घेऊन उभा होतो तर मागून आवाज, "काका, ती झाडूवाल्या पाणबुडीची गोष्ट सांगा ना, माझ्या मित्रांना ऐकायचीय." मी म्हटलं आधी जिलबी घेऊ दे. आणि जिलबी घेऊन सटकलो ते थेट पार्किंगमध्ये. हे आता तीन-चार वर्षं चाललंय. प्रश्न तोच, फक्त विचारणारा बदलतो. साधी माणसं विचारतात, "पूर्वी इतकी रंगवून सांगायचात, आता का सांगत नाही?" खोचक विचारतात, "जपान्यांचा पुळका कधीपासून आला?" आणि आमचे मेव्हणे परस्पर जाहीर करतात की ह्यांना आता आठवत नाही, वय झालं. तर मला सगळं नीट आठवतं. तेच तर दुखणं आहे. एकदाच लिहून टाकतो म्हणजे पुढच्या लग्नात जेवता येईल.

दुसऱ्या महायुद्धातलं पॅसिफिकचं, म्हणजे अमेरिका-जपानचं युद्ध हा माझा पंचवीस वर्षांचा नाद. मिडवे, ग्वाडलकॅनाल, तारावा वगैरे लढाया ज्यांनी माझ्याकडून ऐकलंय त्यांना पुन्हा सांगत नाही. पण टाळ्या घेणारी गोष्ट एकच, वाहू नावाच्या अमेरिकन पाणबुडीची. (वाहू हा मासा आहे, आपल्या सुरमईच्या कुळातला. इथे पहिला हशा यायचा.) डडली मॉर्टन, टोपणनाव मश, १९४२ च्या शेवटच्या दिवशी ब्रिस्बेनला ह्या पाणबुडीचा कप्तान झाला. त्याआधी अमेरिकन पाणबुड्यांचे बरेच कप्तान फारच जपून वागायचे, त्यात टॉर्पेडो बोगस, ठरवल्यापेक्षा खोल जायचे, आदळले तरी फुटायचे नाहीत, आणि वरचे साहेब म्हणायचे टॉर्पेडोत खोट नाही, तुमचाच नेम चुकतो. अशात हा माणूस आला. ह्याने पेरिस्कोपवर बसवलं आपल्या हाताखालच्या ओकेनला आणि स्वतः मोकळा राहून डावपेच बघायला लागला, असं तेव्हा कोणी करत नसे.

हुकूम होता की न्यू गिनीतल्या वेवाकची टेहळणी करा. नीटसा नकाशाच नाही! मग एका खलाशाने ऑस्ट्रेलियात विकत घेतलेला शाळकरी अ‍ॅटलास निघाला, त्यातलं ठिपक्याएवढं वेवाक कॅमेऱ्याची लेन्स नि दिवा लावून मोठं केलं, कागदावर गिरवलं आणि २४ जानेवारी १९४३ ला त्या जोरावर पाणबुडी चक्क बंदरात घातली. आत हारुसामे नावाची जपानी डिस्ट्रॉयर, म्हणजे विनाशिका. टॉर्पेडोवर टॉर्पेडो चुकले आणि ती सरळ अंगावर आली, तेव्हा साधारण ८०० यार्डांवरून मॉर्टनने समोरासमोर तिच्या तोंडातच टॉर्पेडो सोडला. लागला. (ती बुडाली नाही, किनाऱ्याला लावून वाचवली, नंतर दुरुस्तही झाली, पण ही ओळ मी कधी सांगायचो नाही.) दोन दिवसांनी ताफा गाठला, उरलेसुरले टॉर्पेडो संपवले, दुसऱ्या दिवशी एक डिस्ट्रॉयर मागे लागली तर ह्याचा संदेश असा की आजही पळती लढाई, डिस्ट्रॉयर तोफा मारतंय आणि वाहू पळतंय. दुसरा हशा. आणि ७ फेब्रुवारीला पर्ल हार्बरात शिरली ती पेरिस्कोपला झाडू बांधून. म्हणजे समुद्र झाडून साफ केला. टाळ्या, आभारप्रदर्शन, चहा.

आता तो ताफा. २६ जानेवारी. (तारखेचा योगायोग मला ओढूनताणून वापरायचा नाही, तुम्हीही वापरू नका.) त्यात बुयो मारू नावाचं जहाज होतं, साडेपाच हजार टनाच्या आसपासचं. माझ्या वर्णनात ते "सैनिकांनी गच्च भरलेलं जहाज" असायचं, आणि होतंही. ते बुडालं. माणसं होड्यांत उतरली, पाण्यात पडली. वाहूची बॅटरी उतरली होती म्हणून ती दुपारी वर आली, आणि त्या होड्यांमध्येच आली. मॉर्टनने तोफ आणि मशिनगन त्या होड्यांवर चालवल्या. त्याचं म्हणणं असं की एका मोठ्या होडीवर तोफ डागली तेव्हा उलट गोळ्या आल्या आणि मग आम्ही हाताशी होतं ते सगळं चालवलं. ओकेनने पुढे सांगितलं की नेम होड्यांवर होता, माणसांवर नव्हता. हे सैनिक किनाऱ्याला लागले असते तर उद्या आपल्याच पोरांवर गोळ्या झाडल्या असत्या, हाही मुद्दा होताच. मॉर्टनने रिपोर्टात काही लपवलं नाही. चौकशी झाली नाही. नेव्ही क्रॉस मिळाला, अमेरिकन सेनापती मॅकआर्थरने आर्मीचंही पदक दिलं.

हा भाग मी एका वाक्यात उरकायचो. "आणि मग वाहूने पाण्यावर येऊन उरलेलं काम पूर्ण केलं." बघा, वाक्य कसं आहे. माझंच आहे. कुठल्या पुस्तकातलं नाही.

एक दिवस मी जहाजाच्या नावाचं देवनागरी स्पेलिंग ठरवत बसलो होतो, बुयो की बूयो, म्हणून जरा शोधत गेलो आणि सापडलं की बुयो मारूवर एकूण ११२६ माणसं होती आणि त्यातले ४९१ हिंदी, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटिश फौजेतले भारतीय, युद्धकैदी होते. दुसरी बटालियन, सोळावी पंजाब रेजिमेंट. मलायात लढलेले, १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं तेव्हा हजारो हिंदी सैनिकांबरोबर जपान्यांच्या हाती लागलेले, आणि आता बेटांवर हमाली करायला जहाजात भरून चालवलेले. मेले त्यात १९५ हिंदी आणि ८७ जपानी. टॉर्पेडोने किती आणि नंतरच्या गोळ्यांनी किती, ते ह्या आकड्यात वेगळं काढता येत नाही. मी फार प्रयत्न केला वेगळं काढायचा. का, तर मनाला वाटत होतं की बहुतेक टॉर्पेडोनेच गेले असतील, म्हणजे मग मधलं ते वाक्य थोडं सुसह्य होईल.

खरं सांगू, माझी पहिली प्रतिक्रिया दुःखाची नव्हती. चिडलो मी. हातातली हुकमी गोष्ट नासली म्हणून. दूध फाटल्यावर चिडतो तसा. एक संध्याकाळभर मला त्या ४९१ माणसांचाच राग आला होता, हे लिहायला लाज वाटते पण विचारलंत ना.

आणि आता जे सांगणार आहे ते बायको सोडून कोणाला सांगितलेलं नाही. हे कळल्यानंतर मी गोष्ट सांगणं बंद केलं असं सगळ्यांना वाटतं. नाही. कळल्यानंतर मी ती अजून एकदा सांगितली, आणि होती तशी सांगितली.

सातारा जिल्ह्यातल्या एका गावात गणेशोत्सवाची व्याख्यानमाला. तारीख आधीच दिलेली, पत्रिकेत "झाडूवाली पाणबुडी" असं छापूनच आलेलं. एसटीत बसून मी कागदावर लिहून काढलं, ४९१, १९५, ८७, सोळावी पंजाब, आणि ठरवलं की आज सांगायचं, सगळं सांगायचं. मंडपात पोहोचलो तर पहिल्या रांगेत माजी सैनिक. आठ-दहा जण, टोप्या घातलेले, दोघांच्या छातीवर मेडलं. त्या भागात घरटी एक माणूस फौजेत. मला वाटलं हेच तर लोक पाहिजेत. सुरुवात केली, सुरमईवर हसले, अ‍ॅटलासवर तर एक आजोबा मांडीवर थाप मारून हसले, त्यांना फौजेतले नकाशे आठवले असणार. हारुसामेच्या वेळी मंडप शांत. अशी शांतता मला पुण्या-ठाण्यात कधी मिळालेली नाही. आणि बुयो मारू आली. खिशात हात गेला, कागद हाताला लागला. समोर सगळे पुढे वाकून बसलेत, डोळे चमकतायत, एक पोरगं तर खांबाला धरून उभं. आणि माझ्या तोंडून निघालं, "सैनिकांनी गच्च भरलेलं जहाज... उरलेलं काम पूर्ण केलं." आणि धाडकन उडी मारली ती "डिस्ट्रॉयर तोफा मारतंय, वाहू पळतंय" वर. हशा. झाडू. टाळ्या. शाल, श्रीफळ. कागद खिशातच.

खाली उतरल्यावर ते मांडीवर थाप मारणारे आजोबा काठी टेकत आले. हवालदार म्हणून रिटायर झालेले. म्हणाले, "साहेब, ग्वाष्ट झ्याक सांगितली. पर त्या जहाजावरची मानसं, व्हड्यांत उतरल्याली, त्येंचं काय झालं वो?"

मी म्हटलं, "वाचले असतील काही."

ते म्हणाले, "हं." थोडा वेळ माझ्याकडे बघितलं, मग म्हणाले, "येष्टी दा वाजता हाय, जेवून घ्या."

बास. एवढंच झालं. त्यांनी काही ओळखलं होतं असं नाही, पण त्यांना उडी दिसली होती. आयुष्य फौजेत काढलेल्या माणसाला होडीत बसलेला माणूस दिसतो, मला झाडू दिसत होता. त्या रात्री एसटीत मी शाल पांघरली नाही, थंडी असून. नाटकी आहे ना? होतं.

आता तुमचे प्रश्न. "मॉर्टनला काय माहीत आत कैदी आहेत?" नव्हतंच माहीत. जपानी कैद्यांच्या जहाजांवर तशी काही खूणच लावत नव्हते. मॉन्टेव्हिडिओ मारूवर हजारावर कैदी होते, बहुतेक ऑस्ट्रेलियन, अमेरिकन पाणबुडीनेच बुडवली, १ जुलै १९४२. आरिसान मारूवर सतराशेच्या वर कैदी, जवळपास सगळे अमेरिकन, त्यांच्याच टॉर्पेडोने गेले, वाचले नऊ. त्या ४९१ जणांना जहाजात कोंबणारे जपानी होते, आणि जे न्यू गिनीला पोहोचले त्यांचे उपासमारीने आणि मारहाणीने जे हाल झाले ते वाचवत नाहीत. चिंत सिंग नावाचे अधिकारी जगले आणि त्यांनी युद्धगुन्ह्यांच्या खटल्यात साक्ष दिली म्हणून निदान काही कळलं तरी. तेव्हा पुळका वगैरे शब्द माझ्यासमोर वापरू नका. १९४४ मध्ये आपल्या ह्याच हिंदी महासागरात जपानच्या आय-८ पाणबुडीने जाँ निकोले ह्या अमेरिकन जहाजाच्या लोकांना डेकवर हात बांधून मारलं, शंभरातले पंचवीसही वाचले नाहीत, आणि त्यांना पाण्यातून उचललं ते रॉयल इंडियन नेव्हीच्या होक्सा ह्या जहाजाने. हे मला पाठ आहे. हे मी स्वतःलाच रात्री सुनावत असतो.

पण सुनावून झाल्यावर दुसरा प्रश्न येतो जो तुम्ही कोणी विचारत नाही. समजा बुयो मारूवर एकही हिंदी नसता. सगळे ११२६ जपानी असते. तर मी आजही झाडूवर टाळी घेत असतो की नाही? बहुतेक घेत असतो. पंचवीस वर्षं घेतलीच की. ते ८७ जपानीही होड्यांतलेच ना, म्हणजे माझ्या मनाला टोचायला पासपोर्ट लागतो. आणि तोही कसला, सोळावी पंजाब फाळणीत पाकिस्तानच्या वाट्याला गेली. एकाला मी हे सगळं सांगितलं तर तो म्हणाला, "मग ते आपले नव्हतेच म्हणा की." मी भांडलो त्याच्याशी, १९४३ ला आपले-त्यांचे कुठे होते म्हणून. घरी आल्यावर मात्र वाटलं की मी तरी काय वेगळं करतोय.

जुना मी अजून आत बसलेला आहे आणि तो गप्प बसत नाही. तो म्हणतो, अरे बाबा ते युद्ध होतं, पर्ल हार्बरच्याच दिवशी अमेरिकेने हुकूम काढला होता की जपानी जहाज दिसेल ते बुडवा, पाणबुडीवाल्यांनीही ५२ पाणबुड्या आणि साडेतीन हजार माणसं घालवली, मॉर्टन स्वतः त्याच वर्षी ऑक्टोबरात जपानच्या उत्तरेला सोया सामुद्रधुनीत वाहूसकट गेला, एकही वाचला नाही, सांगाडा सापडला तो थेट २००६ च्या सुमारास. तू ठाण्यात फॅनखाली बसून त्याचा न्याय करणार? मी म्हणतो, मी त्याचा न्याय करतच नाहीये, मी त्या एका वाक्याचा करतोय, ते माझं आहे. तो म्हणतो, मग वाक्य बदल आणि सांग गोष्ट. करून बघितलं. ४९१ आधी सांगितले तर अ‍ॅटलासवर कोणी हसत नाही, आणि हसले नाहीत तर पुढे ऐकत नाहीत. शेवटी सांगितले तर मी लोकांना आधी हसवून मग थोबाडीत मारल्यासारखं होतं, तीही एक युक्तीच, तिलाही टाळ्या पडतील आणि जरा जास्तच पडतील. मध्ये सांगितले तर मला माझा आवाज ऐकू येतो.

त्या गावाहून ह्या वर्षी परत फोन आला होता. म्हणे तीच ठेवा, पोरांना आवडते. मी सुचवलं टॉर्पेडोत काय बिघाड होता आणि तो दुरुस्त करायला १९४३ चा सप्टेंबर का उजाडला, ह्यावर बोलतो, फार मजेशीर आहे. ते म्हणाले फार टेक्निकल होईल साहेब. मी विचारलं, ते काठीवाले आजोबा आहेत का अजून? म्हणाले, कोणते, काठीवाले चार-पाच आहेत. कळवतो म्हणून फोन ठेवला, अजून कळवलेलं नाही.